नाद खुळा, विषय हार्ड; पण शब्द कुणाचा?

कबनूरच्या चौकात मित्रानं नवी गाडी आणून उभी केली, तर तुम्ही काय म्हणाल? 'हार्दिक अभिनंदन' तर नक्कीच नाही. 'नाद खुळा!', 'काटा किर्र!' नाहीतर थेट 'विषय हार्ड!' हे शब्द कुठल्या पुस्तकात नव्हते, कुठल्या सरांनी शिकवले नाहीत. तरी आपल्याकडं कुणालाही त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा चर्चा झाली ती प्राचीन ग्रंथांची आणि शिलालेखांची. ती व्हायलाच हवी. पण भाषा आज जिवंत आहे का, हे ओळखायची खूण वेगळी आहे. तिचे लोक अजून नवे शब्द बनवतात का?

शब्द बनतो कसा?

तुमची बोली ऐकून कुणी 'काहीही बोलतात ही पोरं' म्हणत असेल, तर त्यांना सांगा, यात 'काहीही' नाही. यालाही रीत आहे.

पहिली रीत अर्थ फिरवायची. 'भारी' म्हणजे वजनदार. आपण त्याला 'उत्तम' करून टाकलं. 'वाढीव' म्हणजे जादाचं. आता जो जरा जास्तच करतो, तो वाढीव. 'खुळा' म्हटलं की एरवी भांडण होईल, पण 'नाद'च्या शेजारी बसला की तोच शब्द शाबासकी देतो.

दुसरी रीत जोडकामाची. 'विषय' संस्कृतातला, 'हार्ड' इंग्रजीतला आणि दोन्ही एकत्र आले की पक्के कोल्हापुरी. 'ट्रोलणं', 'गुगलणं' यांत शब्द बाहेरचा, पण शेपूट मराठी क्रियापदाचं.

तिसरी रीत काटछाटीची. इन्स्टाग्रामचं 'इन्स्टा' आपण सगळेच करतो. ऑक्सफर्डनं २०२३ चा शब्द म्हणून 'रिझ' निवडला. तो 'करिझ्मा'चा मधला तुकडा मानला जातो. म्हणजे कात्री तीच, फक्त हात वेगळे.

आणि चौथी रीत लपवायची. शाळेत च-ची भाषा बोलला असाल, तर 'कबनूर'चं 'चबनूरक' कसं होतं ते सांगायला नको. जुन्या काळी व्यापारी गिऱ्हाइकासमोर भाव ठरवताना नंदभाषा वापरायचे. त्यात तीनला 'उधानू' आणि चारला 'पोकू'. आपल्यातलं कोण, बाहेरचं कोण, हे शब्दावरून ठरायचं. कॉलेजच्या ग्रुपमध्ये आजही तेच होतं.

मागावरचे शब्द

आता थोडं घराजवळ पाहू. कबनूर–इचलकरंजीच्या पट्ट्यात निम्मी बोली मागाच्या खडखडाटात घडली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. यंत्र बाहेरून आलं, पण ते चालवताना लागणारे शब्द इथल्या माणसांनी जमवले. माग दुरुस्त करणारा 'जॉबर' हा इंग्रजी शब्द आता कुणालाच इंग्रजी वाटत नाही. बाण्याचं सूत कांडीवर भरणारा तो 'कांडीवाला'. दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा तो 'खर्चीवाला'. एका शब्दात अख्खा धंदा सांगितला! समिती नेमली नाही, परिपत्रक निघालं नाही. काम होतं, गरज होती, शब्द झाला.

आता साधे माग जाऊन त्या जागी बिनधोट्याचे माग येत आहेत. धोटा नाही म्हणजे त्यात बसणारी कांडी नाही, आणि कांडी नाही म्हणजे कांडीवाला नाही. काम गेलं की शब्दही जातो. नवं यंत्र यायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो गेलेल्या शब्दांच्या जागी काय येतंय हा.

रेडीमेड शब्द

पूर्वी गल्लीतला शब्द गावाबाहेर पडायला वर्षं लागायची. मग तो सिनेमात जायचा. २०१४ मध्ये 'लई भारी' आला, २०२४ मध्ये 'विषय हार्ड'. शब्द पोस्टरवर चढला की गल्लीतली पोरं तो सोडून नवा शोधायची. आता रील सकाळी पडतं आणि संध्याकाळी तोच शब्द कबनूरात, कोथरूडमध्ये आणि कॅनडातही. डिक्शनरी डॉट कॉमनं २०२५ चा शब्द म्हणून निवडलेल्या 'सिक्स-सेव्हन'ला तर धड एक अर्थही नाही. गंमत म्हणून ठीक आहे. पण सगळेच शब्द तयार मिळायला लागले, तर आपण शब्दांचे कारागीर न राहता गिऱ्हाईक होतो. तोटा आहे तो इथं.

याचा अर्थ मुलाखतीत जाऊन 'काटा किर्र' म्हणा, असा नाही. आत 'प्रश्न अवघड होता' आणि बाहेर आल्यावर 'विषय हार्ड होता', हे दोन्ही जमणं ही हुशारी आहे. लाज मात्र दोन्हींतल्या कशाचीच नको. आणखी एक पथ्य पाळा. एखाद्याच्या जातीवर, अंगावरच्या व्यंगावर किंवा मुलींवर घसरणारा शब्द कितीही चालला, तरी तो बनवणाऱ्याच्या डोक्यातला जुना कचराच असतो. चांगला शब्द कुणाला न दुखावताही हसवतो.

तर या सुट्टीत एक करा. घरात किंवा शेजारी कुणी मागावर काम केलं असेल, तर त्यांच्याजवळ बसा. कुठल्या भागाला, कुठल्या कामाला, कुठल्या चुकीला ते काय म्हणायचे, ते विचारा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. शेजारी तुमच्या ग्रुपनं स्वतः बनवलेले शब्दही लिहा. दोन्ही याद्या कॉलेजच्या वार्षिक अंकाला द्या. आणि तुमच्या यादीत रीलवरून न आलेले किती शब्द निघतात, तेवढं एकदा मोजा.