बळ आणि तयारी

इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून आंत अधिक हवा दाबून भरावयाची, ही टर्बोची युक्ति. तिचें पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं घेतलें. दाब वाढला कीं शक्ति वाढते, हें खरें. परंतु दाबलेली हवा तापते, आणि ठिणगीची ज्वाळा पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें इंधन आपोआप पेटून दट्ट्यांवर घणाचे घाव घालतें.

अमेरिकेंत १९६२ सालीं निघालेल्या ओल्डस्मोबिल जेटफायर गाडींत हें टाळण्यासाठीं पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण इंजिनांत सोडीत. पण त्याची टाकी भरण्याचा पुष्कळ मालकांस विसर पडे.

यंत्रांचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, आधीं हवा थंड करण्याची सोय, पुरेसें इंधन व ठिणगीची योग्य वेळ साधावी. मग दाब थोडथोडा वाढवावा, आणि ठोके ऐकूं येतांच तो उतरवावा. बळ मिळविण्यापूर्वीं तें पेलण्याची तयारी हवी, असें आमचें मत आहे.