विश्लेषण : कूलिंग टॉवर भरून का वाहतो? दोष बॉलकॉकचा की पाइपांचा?

मे महिन्यात मुंबई-पुण्यातल्या व्यापारी संकुलांच्या दारात टँकरची रांग लागते, ही बातमी आता नवी नाही. पण त्याच इमारतींच्या गच्चीवर कूलिंग टॉवरच्या ओव्हरफ्लो पाइपातून बोटभर धार रात्रंदिवस वाहत असेल, तर त्याची बातमी होत नाही. अनेक ठिकाणी तो पाइप थेट पावसाळी पाण्याच्या पाइपाला जोडलेला असतो, त्यामुळे धार दिसतच नाही. दिसलीच तर प्लंबर बॉलकॉक बदलतो. आठवड्याभरात धार पुन्हा सुरू होते आणि पुन्हा नवा बॉलकॉक येतो. मूळ दोष अनेकदा पाइप कसे टाकले आहेत यात असतो, आणि तिकडे पाहायला कोणी तयार नसते.

टॉवरला पाणी लागते तरी किती?

मॉल, रुग्णालय किंवा आयटी कंपनीच्या मोठ्या एसी यंत्रणेतली उष्णता पाण्यात उतरते. ते गरम पाणी टॉवरच्या माथ्यावरून खाली शिंपडले जाते, पंखा हवा खेचतो, थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले थंड होऊन तळाच्या टाकीत पडते. १०० टनांची यंत्रणा पूर्ण भाराने चालली तर तासाला साधारण ६५० लिटर पाण्याची वाफ होते. ती टाळता येत नाही, थंडावा तिच्यातूनच मिळतो.

वाफ उडते, क्षार मागे राहतात. म्हणून थोडे खारट पाणी मुद्दाम सोडून द्यावे लागते. क्षार मूळ पाण्याच्या पाचपट होईपर्यंत चालवले, तर हे सोडलेले पाणी वाफेच्या पाव हिस्सा, म्हणजे तासाला सुमारे १६० लिटर भरते. एकूण हिशेब ८०० लिटरच्या आसपास. भरणा याहून बराच जास्त असेल, तर पाणी कुठे तरी वाया जाते आहे.

धार नेमकी कधी वाहते?

दुरुस्तीला हात घालण्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे. पंप चालू असो वा बंद, धार अखंड असेल तर संशय बॉलकॉकवर घेणे योग्य. त्याच्या बसणीत कचरा किंवा क्षार अडकला असेल, फुग्यात पाणी शिरले असेल किंवा वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब त्याला झेपत नसेल.

पण पंप बंद होताच दहा-पंधरा मिनिटे पाणी वाहून थांबत असेल, तर बॉलकॉकचा तुकडा बदलून काही होणार नाही. पंप चालू असताना टाकीच्या पातळीच्या वरचे पाइप भरलेले असतात आणि टॉवरमधून खाली पडणारे पाणीही हवेत असते. पंप थांबला की हे सगळे टाकीत उतरते. २०० मिलिमीटर व्यासाच्या अवघ्या १० मीटर पाइपात ३१४ लिटर पाणी मावते. टाकी आधीच काठोकाठ असेल तर तेवढे बाहेर जाणारच. सकाळी पंप सुरू झाला की पाइप पुन्हा भरतात, पातळी घटते, बॉलकॉक इमानेइतबारे नवे पाणी घेतो आणि संध्याकाळी तेवढेच पाणी गटारात जाते. रोज. यावरचा उपाय बॉलकॉकची उंची खाली घेऊन परतणाऱ्या पाण्याला टाकीत जागा ठेवणे हा आहे. पंपापुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी उलटे सोडतो का, तेही तपासावे.

एक वाहतो, दुसरा कोरडा

खरी गंमत शेजारी शेजारी बसवलेल्या दोन टॉवरची. एकाच्या टाकीतून पाणी सांडते आणि दुसऱ्याची टाकी इतकी रिकामी की पंप हवा ओढून खडखडतो. दोन्ही टाक्यांची पातळी सारखी ठेवणारा जोडपाइप गाळाने तुंबला असेल, बारीक असेल किंवा खर्च वाचवण्यासाठी टाकलाच नसेल, तर हे होणार. एका टॉवरच्या तळाची जाळी शेवाळाने भरली तरी तसेच. जुना टॉवर काढून वेगळ्या उंचीचा नवा बसवला आणि दोन टाक्यांच्या काठांत दोन-तीन इंचांचा फरक पडला, तर खालची टाकी वाहू लागते आणि वरच्या टाकीचा बॉलकॉक अजून पाणी मागतच असतो. अशा वेळी लेव्हल ट्यूब घेऊन दोन्ही काठ मोजणारा माणूस दहा बॉलकॉकपेक्षा जास्त कामाचा.

पाण्याबरोबर औषधही वाहून जाते

सांडणारे पाणी सतत ताज्या पाण्याने भरून निघते. त्यामुळे क्षारांचे प्रमाण कमी येते आणि नोंदवहीत सगळे छान दिसते. प्रत्यक्षात गंज, क्षार आणि जिवाणू रोखायला घातलेली रसायनेही त्याच धारेतून गेलेली असतात. टीडीएस अचानक कमी झाला, तर आनंद मानण्याआधी ओव्हरफ्लो पाहिलेला बरा. निगा नसलेल्या टॉवरमध्ये लिजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो आणि तुषारांवाटे तो परिसरात पसरतो. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये अशा साथीत १३८ जणांना लागण झाली, १६ दगावले. त्यानंतर त्या शहराने कूलिंग टॉवरची नोंदणी आणि तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

मग अडते कुठे?

देखभालीचा वार्षिक करार एसी थंड ठेवण्याचा असतो, पाण्याचा नसतो. टँकरचे बिल एका खात्यात, टॉवरची दुरुस्ती दुसऱ्यात. काही ठिकाणी तर कटकट नको म्हणून ओव्हरफ्लोच्या तोंडात बूच ठोकतात. मग पाणी टाकीच्या काठावरून स्लॅबवर येते आणि खालच्या मजल्याची गळती हा नवा वाद सुरू होतो. टॉवरच्या भरण्यावर आणि सोडलेल्या पाण्यावर स्वतंत्र मीटर हवेत, आणि ओव्हरफ्लोचे तोंड गटाराच्या वर, डोळ्यांना दिसेल असे मोकळे सोडायला हवे. त्याला येणारा खर्च टँकरच्या बिलापुढे किरकोळ आहे.

मीटर येईपर्यंत बादली आणि मोबाइलचे घड्याळ पुरे. २० लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर तासाला १,२०० लिटर. १०० टनांचा टॉवर पूर्ण भाराने जेवढ्या पाण्याची वाफ करतो, त्याच्या जवळपास दुप्पट. दिवसाला २८,८०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर.