दंड सरकारच्या तिजोरीत, नुकसान आमच्या पदरात

समजा, मोबाईल कंपनीने तुमची माहिती तिसऱ्याच्या हातात दिली. त्यातून तुमचे नुकसान झाले. तुम्ही तक्रार केली, कंपनी दोषी ठरली आणि तिला कोट्यवधी रुपयांचा दंड झाला. त्या दंडातले तुम्हाला किती मिळणार? एक रुपयाही नाही!

हे कायद्यातच लिहून ठेवले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. आकडा मोठा आहे, पण कलम 34 प्रमाणे ही सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या तिजोरीत जाते. याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 43 अ होते. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली, तर नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येत होती. नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलमच रद्द होते. उलट, तुमची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर तुम्हालाच 10 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती काही नाही, वर दंडाची भीती! हा कोणता न्याय?

संविधानाच्या कलम 32 बद्दल बाबासाहेब 9 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत बोलले. हे कलम म्हणजे संविधानाचा आत्मा आणि हृदय आहे, असे त्यांनी सांगितले. कारण उघड आहे. हक्क कागदावर लिहिला आणि तो मोडल्यावर दाद मागण्याची वाट ठेवली नाही, तर त्या हक्काला काडीची किंमत नसते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सरकारने कायदा केला आणि नुकसानभरपाईची वाटच बुजवून टाकली.

कंपन्या एवढ्या का वाईट वागतील, असे काही जण विचारतात. 2017 साली काय झाले ते आठवा. सिमकार्डाच्या पडताळणीसाठी लोकांनी आधार दिले, बोटाचे ठसे दिले. त्याच पडताळणीच्या आधारे एअरटेलच्या पेमेंट्स बँकेत लोकांची खाती उघडली गेली. अनेकांना पत्ताही नव्हता. गॅसची सबसिडी नेहमीच्या खात्यात यायची बंद झाली आणि या नव्या खात्यांत जाऊ लागली. आरडाओरड झाल्यावर आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणीची परवानगी काही काळ रोखली आणि पैसे परत करावे लागले. सबसिडीच्या पैशावर ज्या घराचा महिना चालतो, त्या घरातल्या बाईला त्या काळात काय सोसावे लागले असेल, याचा हिशेब कोणी केला?

दुसरे उदाहरण आपल्या ठाण्याचे. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकणारी टोळी पकडली. त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. तुम्ही कोणाला फोन केला, किती वेळ बोललात, कोणत्या टॉवरखाली होता, हे सगळे त्या रेकॉर्डमध्ये असते. कंपनीला ते किमान दोन वर्षे जपून ठेवावे लागते. जपून ठेवलेली वस्तू चोरीलाही जाते आणि विकलीही जाते.

'आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय?' हा प्रश्न आपले सुशिक्षित बांधवही विचारतात. त्यांना माझा उलटा प्रश्न आहे. आडनाव आणि पत्ता एकत्र वाचला की या देशात काय कळते? जात कळते! भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर असे पत्त्यात असले की वेगळे विचारावे लागत नाही. म्हणजे ग्राहकांची यादी बाहेर गेली की तिच्यासोबत जातीची यादीही बाहेर जाते. घर भाड्याने देणारा, नोकरी देणारा, कर्ज देणारा ती यादी कशी वापरेल, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्याहून भयंकर धोका आहे तो आंतरजातीय लग्न करणाऱ्या मुलामुलींना. जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाकडे पाहिले. घर सोडून लपलेल्या जोडप्याचा शेवटचा टॉवर कोणता, हे पैसे मोजून कळत असेल, तर ती माहिती मुलीच्या भावाच्या हाती पोचायला किती वेळ लागेल? तिथे गोपनीयता म्हणजे जीव वाचणे आहे.

आणि सरकार? कलम 17 नुसार केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून वगळू शकते. तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाचे सदस्यही केंद्र सरकारच नेमणार. त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातही बदल केला, म्हणजे अधिकाऱ्यांना आडोसा मिळाला. साहेबांची माहिती झाकलेली आणि वस्तीची माहिती उघडी!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एक, नुकसान झालेल्या माणसाला थेट भरपाई द्या. दोन, मंडळ सरकारपासून स्वतंत्र करा. तीन, सिमच्या कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामासाठी वापरायची असेल, तर आपल्या भाषेत वेगळी संमती घ्या. चार, कॉल रेकॉर्ड कोणी, कधी, कोणाच्या आदेशाने काढले याची नोंद ठेवा आणि तपास संपल्यावर ती ग्राहकाला कळवा. पाच, तक्रारदाराला दंड करण्याची तरतूद काढून टाका.

तोवर आपणही सावध राहू या. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी सही करून तारीख आणि 'फक्त सिमकार्डासाठी' असे लिहा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे संचार साथी पोर्टलवर तपासा. वस्तीत ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासोबत दुकानात जा. अंगठा लावण्याआधी विचारा, हा अंगठा कशासाठी?

पण सावधगिरी हा न्यायाला पर्याय नाही. घराला कुलूप लावले म्हणून चोराला मोकळे सोडायचे नसते. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला एवढेच विचारा, आमची माहिती विकली गेली तर भरपाई आम्हाला का नाही?

जय भीम! जय संविधान!