संशोधनाची मधली पायरी

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.संबंधीची नवी विनियमावली प्रसिद्ध केली आणि तिच्यातील एका लहानशा कलमाने एम.फिल. ही पदवी देशातील विद्यापीठांतून उठवून लावली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा निर्णय एका वाक्यात आधीच सांगून ठेवला होता. तरीही काही विद्यापीठे प्रवेश देतच राहिली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला जाहीर ताकीद द्यावी लागली. चिकित्सा-मानसशास्त्रासारख्या एक-दोन शाखांना तेवढी मुदतवाढ मिळाली. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांच्या वाट्याला अशी सवलत आली नाही. आणि खरे सांगायचे तर त्यांच्यासाठी फारसे कोणी हळहळलेही नाही.

न हळहळण्यास कारणे होती. एम.फिल.ची बाजू घेणाऱ्याने प्रथम तिचे दोष पदरात घेतले पाहिजेत. २००६ साली एम.फिल.धारकांना पदवी वर्गांवरील अध्यापनासाठी नेटच्या परीक्षेतून सूट मिळाली आणि २००९ मध्ये ती काढून घेण्यात आली. मधल्या काळात या पदवीकडे जी रीघ लागली ती ज्ञानाच्या ओढीने लागली असे कोणी म्हणणार नाही. पुढे २०१० च्या विनियमावलीने नेमणुकीच्या वेळी एम.फिल.साठी दोन आगाऊ वेतनवाढी देऊ केल्या. परिणामी जुन्या प्रबंधिकांच्या नव्या प्रती तयार झाल्या, तालुक्याचे नाव तेवढे बदलले, निष्कर्ष मात्र शब्दशः तेच राहिले. अशा काही प्रबंधिका मी स्वतः चाळल्या आहेत.

परंतु नाणे हिणकस का झाले, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या शिक्षकाने तरी विचारायलाच हवा. पदवीला नोकरी आणि वेतनवाढ जोडली की पदवीची मागणी वाढते, विद्येची नव्हे. हा दोष टांकसाळीचा होता. आपण टांकसाळ तशीच चालू ठेवली आणि लहान किमतीचे नाणे तेवढे चलनातून काढले. आता तोच सारा भार पीएच.डी.वर आला आहे. सहयोगी प्राध्यापकपदाच्या बढतीस तिच्यावाचून गत्यंतर नाही. जी नक्कल पूर्वी शंभर पानांत होत असे ती उद्या तीनशे पानांत होईल, एवढाच काय तो फरक.

मास्तरकीच्या पातळीवरील संशोधन ही गोष्ट कमी प्रतीची मानण्याची प्रथा आपल्याकडे अलीकडची आहे. धनंजयराव गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. तो मुळात केंब्रिजच्या एम.लिट.साठी लिहिलेला प्रबंध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२१ साली लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली ती ब्रिटिश हिंदुस्थानातील वित्तव्यवहाराच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंधाबद्दल. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली इरावतीबाई कर्वे यांनी १९२८ साली एम.ए.साठी चित्पावनांचा अभ्यास केला, तर श्रीनिवास यांचा म्हैसूरमधील विवाह व कुटुंब यांवरील एम.ए.चा प्रबंध १९४२ साली ग्रंथरूपाने आला. या मंडळींची बुद्धिमत्ता असामान्य होती हे मान्यच. तरी वर्ष-दोन वर्षांत एकच मर्यादित प्रश्न हाती धरून तो तडीस नेण्याची सोय त्यांना विद्यापीठांनी दिली होती, हेही विसरून चालणार नाही.

माझ्यासारख्या सामान्याला त्या सोयीने काय दिले ते सांगतो. वीस वर्षांपूर्वी एम.फिल.साठी मी एका बाजार समितीतील कांद्याची आवक आणि भाव यांच्या नोंदी उतरवून घेत होतो. दहा वर्षांचे आकडे जमले, आलेख काढले आणि मोठ्या उत्साहाने मार्गदर्शकांपुढे ठेवले. त्यांनी एवढेच विचारले, "शेतकऱ्याच्या हातातली पट्टी पाहिलीत का?" मी पाहिली नव्हती. परत गेलो. हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा जाता पट्टीवर उरणारी रक्कम आणि समितीच्या नोंदवहीतला भाव यांची गाठ पडता पडत नव्हती. माझ्या प्रबंधिकेची निम्मी पाने त्या दिवशी रद्द झाली. छापील आकड्याकडे संशयाने पाहण्याची सवय मला तेथे लागली; एम.ए.च्या आठ प्रश्नपत्रिकांनी ती लावली नव्हती.

नव्या व्यवस्थेत हे शिक्षण पदवीच्या चौथ्या वर्षी मिळेल, असे सांगितले जाते. तेथे बारा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे, ही चांगलीच गोष्ट. पण त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. कला शाखेतील ग्रामीण विद्यार्थ्याला विषयाची गोडी लागते तीच मुळी तिसऱ्या वर्षाला किंवा एम.ए.त. जो उशिरा जागा होतो त्याच्यासाठी एम.फिल. होती. त्याला आता एम.ए. संपताच थेट पीएच.डी.ची उडी घ्यावी लागेल, म्हणजे किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. शिवाय जागांचे गणित पाहा. २०१६ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला पीएच.डी.चे आठ आणि एम.फिल.चे तीन विद्यार्थी घेता येत. सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि दोन, सहायक प्राध्यापकाला चार आणि एक. २०२२ मध्ये एम.फिल.च्या जागा गेल्या आणि पीएच.डी.च्या आठ, सहा, चार याच राहिल्या. दार अरुंद झाले ते असे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या अलीकडच्या अहवालांत एम.फिल.च्या विद्यार्थ्यांत मुली निम्म्याहून अधिक दिसत, पीएच.डी.त मात्र निम्म्याहून कमी. एक-दोन वर्षांचा अभ्यास घरच्यांच्या गळी उतरवता येतो; सहा वर्षांचा उतरवणे किती मुलींना साधेल?

माझी एक माजी विद्यार्थिनी तासिका तत्त्वावर शिकवते. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घेताना ठरलेला हिशेब आणि हंगाम संपताना एका कोयत्यामागे, म्हणजे त्या जोडप्यामागे, निघणारी बाकी यांचा अभ्यास तिला आपल्याच गावापुरता करायचा आहे. ज्या घरांत मुकादमाच्या वहीविषयी परक्या माणसाशी कोणी बोलणार नाही, त्या घरांची ती लेक आहे. हा विषय वर्षभराचा आहे. तो सहा वर्षांचा करायचा तर फुगवावा लागेल. गावातील जुनी माणसे तोवर हिशेब सांगायला उरतील की नाही, हा आणखी निराळा प्रश्न.

एम.फिल. हे नाव परत आणा, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. परंतु एम.ए.नंतर एका वर्षाची संशोधन पदविका सुरू करण्याचा विचार विद्यापीठांनी जरूर करावा. एक प्रबंधिका, एक तोंडी परीक्षा, आणि बाहेरचा परीक्षक असा की ज्याने प्रत्यक्ष पाने उलटली आहेत. पुढे पीएच.डी.ला प्रवेश मिळालाच तर तिच्या पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमात या वर्षाचे श्रेयांक धरावेत. मात्र नोकरीच्या जाहिरातीत, बढतीच्या गुणतक्त्यात वा वेतननिश्चितीच्या आदेशात या पदविकेचा उल्लेखही असू नये. मग पहिल्या वर्षी पाचच विद्यार्थी आले तरी चालतील. त्यांतली एक तरी मुकादमाची वही उघडून पाहणारी असेल.