दोष वयाचा नव्हे, डोळ्यांचा!

"डॉक्टर, सुईत दोराच ओवला जात नाही. क्लास सोडून देते म्हणते." शिवणक्लासला जाणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या एका भगिनीचे हे उद्गार. मुले मोठी झाली, आता शिवण-भरतकाम शिकून स्वतःचे छोटेसे दुकान थाटावे, ही तिची उमेद. "या वयात कुठे जमणार?" असे घरचे म्हणत. हळूहळू तिलाही ते पटू लागले.

वास्तविक चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते व जवळचे अंधुक दिसू लागते. म्हणून तर या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो! आसामच्या चहामळ्यांतील चाळिशीपुढील ७५१ कामगारांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांच्या पानखुडणीत इतरांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक वाढ दिसली. मग शिवणकामाला हा नियम का लागू नसावा?

आमच्या मते, चाळिशीपुढील विद्यार्थिनीला फी घेण्याआधीच डोळे तपासून येण्यास क्लासचालकांनी सांगावे. घरी शिवताना सुईवर भरपूर उजेड असावा. काळ्या कापडाचे काम दिवसाच करावे. स्टुलाऐवजी पाठ टेकता येईल अशी खुर्ची घ्यावी आणि अर्ध्या तासाने उठून मान-खांदे मोकळे करावेत.

त्या भगिनीने चष्मा घेतला. आज ती फॉल-पिकोची कामे घेते, ब्लाऊज शिकते आहे. दुकानाला अजून वेळ आहे. पण क्लास सुटला नाही, हे महत्त्वाचे.