सहा क्यूबिट आणि अठरा श्रेयांक

भौतिकशास्त्राचे २०२५ चे नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना मिळाले, ते चाळीस वर्षांपूर्वीच्या कामासाठी. १९८४-८५ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत त्यांनी दोन अतिवाहकांच्या मध्ये विद्युतरोधकाचा अतिपातळ थर असलेले सर्किट वापरले. अणू-रेणूंपुरते मानले जाणारे क्वांटम वर्तन हातात धरता येईल एवढ्या सर्किटमध्येही घडते, हे त्यांनी मोजून दाखवले. मार्टिनिस तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. पुढे गुगलचा ५३ क्यूबिटचा (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक) ‘सिकॅमोर’ प्रोसेसर त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाला. देव्होरे यांच्या मार्गदर्शनाखाली येल विद्यापीठात पीएचडी केलेले आर. विजयराघवन आज मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे ‘टीआयएफआर’मध्ये, अतिवाहक क्यूबिट घडवतात.

याच प्रयोगशाळेच्या सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाली. क्यूबिटची रचना आणि निर्मिती टीआयएफआरची. ते चालवणारी आणि मोजणारी यंत्रणा ‘डीआरडीओ’च्या पुण्यातील क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळेने जुळवली, त्यासाठी बाजारात मिळणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे घेतली आणि काही बोर्ड स्वतः प्रोग्रॅम केले. दूरवरून काम सोपवण्याची क्लाउड व्यवस्था टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. गुगलच्या ‘विलो’त १०५ आणि आयबीएमच्या ‘हेरॉन’मध्ये १५६ क्यूबिट असताना सहा हा आकडा लहानच आहे. पण हे काम कोणत्या कौशल्यांवर उभे राहिले, हे पाहण्यासारखे आहे. सूक्ष्म निर्मिती, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम शतांश अंश वर राखलेले तापमान, सूक्ष्मतरंगांची इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रणाचे सॉफ्टवेअर यांत सिद्धांतमांडणीइतकाच अभियंत्याचा आणि तंत्रज्ञाचा हात लागतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची संधी नेमकी इथे आहे आणि शिक्षणव्यवस्था ती गमावण्याच्या बेतात आहे.

जगभरच्या घडामोडीही याच दिशेने बोट दाखवतात. डिसेंबर २०२४ मध्ये ‘विलो’ जाहीर झाला तेव्हा महासंगणकाला विश्वाच्या वयाहून कितीतरी अधिक काळ लागेल असे गणित त्याने पाच मिनिटांच्या आत सोडवल्याचे मथळे झळकले. ते गणित मुद्दाम निवडलेले होते. व्यवहारात त्याचा उपयोग नाही. खरी बातमी दुसरीच होती. क्यूबिट अतिशय नाजूक असतात, उष्णतेच्या किंवा विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या स्पर्शानेही त्यांच्यातील माहिती बिघडते. म्हणून अनेक क्यूबिट जोडून त्यांत एकाच क्यूबिटची माहिती राखायची, ही कल्पना १९९५ पासून मांडली जात होती. अडचण अशी, की क्यूबिट वाढवले की चुकाही वाढत. ‘विलो’मध्ये अशा जोडलेल्या क्यूबिटची जाळी तीन बाय तीनवरून पाच बाय पाच आणि मग सात बाय सात केली, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर चुकांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. येत्या दशकातील बहुतेक काम या दुरुस्तीचेच असेल आणि त्यासाठी चांगले क्यूबिट, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स व चुका ओळखणारे प्रोग्रॅम तिन्ही लागतील.

दुसरी घडामोड बँका आणि सरकारी कार्यालयांना अधिक तातडीची आहे. आजच्या ऑनलाइन व्यवहारांची सुरक्षितता मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे अवघड असण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच क्वांटम संगणकाला ते जमेल हे सिद्ध केले. याच अवघडपणावर बेतलेली, प्रचलित २०४८ बिटची ‘आरएसए’ कूटलेखनाची कुलपे तोडायला दोन कोटी क्यूबिट लागतील, असा २०१९ मधील अंदाज होता. गुगलच्याच संशोधकाच्या २०२५ मधील हिशेबात तो दहा लाखांच्या आत आला. इतके मोठे यंत्र अजून कुठेही नाही. तरीही आज चोरून साठवलेली माहिती उद्या उघडता येईल, म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कूटलेखनाची तीन मानके प्रसिद्ध केली. जुनी कुलपे शोधून बदलण्याचे हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला क्वांटम संगणकाला हातही लावावा लागत नाही.

भारताने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे. चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र त्याआधीपासून आहे. पुढे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या सर्व शाखांसाठी क्वांटम तंत्रज्ञानाचा किमान १८ श्रेयांकांचा जोडविषय आखला. हे पाऊल योग्यच आहे. लागणाऱ्या गणिताचा पाया, म्हणजे सदिश, सारण्या आणि संमिश्र संख्या, बारावी-अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आहेच. आयबीएमने २०१६ मध्ये पाच क्यूबिटचे यंत्र क्लाउडवर खुले केल्यापासून गडचिरोलीतल्या विद्यार्थ्यालाही घरबसल्या खऱ्या क्वांटम यंत्रावर छोटा प्रोग्रॅम चालवता येतो.

घोडे अडते ते शिक्षक आणि प्रयोगशाळा यांपाशी. पडद्यावरचा प्रोग्रॅम चालवून मिळणारी ऑनलाइन प्रमाणपत्रे सुरुवात म्हणून ठीक, पण त्यांतून ‘डीआरडीओ’च्या पुण्यातील प्रयोगशाळेला हवा असलेला अभियंता घडत नाही. अतिवाहक क्यूबिट थंड ठेवणारे यंत्र कोट्यवधींचे असते, ते प्रत्येक जिल्ह्यात नेता येणार नाही. हिऱ्यातील नायट्रोजनच्या दोषावरचे प्रयोग मात्र नेता येतात. हिरवा लेझर, सूक्ष्मतरंगांचा स्रोत आणि प्रकाशमापक एवढ्या सामग्रीवर साध्या टेबलावर, खोलीच्या तापमानाला, क्वांटम अवस्था बदलताना पाहता येतात. संवेदनाचे केंद्र असलेल्या आयआयटी मुंबईने अशा संचाचे शैक्षणिक रूप तयार करून द्यावे, ही अपेक्षा रास्त आहे. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम केलेल्या अभियंत्यांचेही इथे मोल आहे, कारण गोंगाटातून अत्यंत क्षीण संकेत वेगळा काढणे ही त्यांची आणि क्यूबिट मोजणाऱ्यांची सारखीच गरज.

२०२५ मध्ये अकरावीला बसलेली मुले अभियंता होऊन बाहेर पडतील तोवर मोहिमेची मुदत संपलेली असेल. म्हणून राज्यातील विद्यापीठांनी शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी टीआयएफआर, आयआयटी मुंबई आणि पुण्याच्या ‘आयसर’शी आत्ताच करार करावेत. निदान नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि जळगाव येथे सामायिक प्रयोगशाळा उभाराव्यात. त्यासाठीची तरतूद राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात करावी आणि जोडविषयाच्या १८ श्रेयांकांतील किमान तीन या प्रयोगशाळांमधील कामासाठी राखून ठेवावेत.