चिमणी उड, म्हैस उड!

हा खेळ तुमच्याही घरी होत असेल. मुलं गोल करून बसतात, बोट जमिनीवर टेकवतात. एकजण म्हणतो, "चिमणी उड!" सगळ्यांची बोटं वर. "कावळा उड!" पुन्हा वर. "पोपट उड!" आणि मग त्याच सुरात, "म्हैस उड!" एखाद्याचं बोट उडतंच आणि हसू फुटतं. आमच्या पुसदच्या मोहल्ल्यात हाच खेळ 'चिड़िया उड' म्हणूनही चालतो. म्हैस उडत नाही हे त्या मुलाला माहीत नसतं का? असतं. पण बोटाला सुटलेला हुकूम मागे घ्यायला उशीर झालेला असतो.

गेल्या महिन्यात या खेळाची आठवण वेगळ्याच कारणाने झाली. माझी धाकटी लेक डावखुरी आहे. दस्तरखानावर बसली की तिचा डावा हात आधी भाकरीकडे निघतो, मध्येच थबकतो आणि मग उजवा पुढे येतो. त्या दिवशी घरी पाहुणे होते. तिच्या दादी हळूच म्हणाल्या, "बेटा, सीधा हात." मी मात्र सगळ्यांसमोर चिडले. "रोज तेच! मुद्दाम करतेस का?" तिचे डोळे भरले. म्हणाली, "अम्मी, मी थांबवला ना त्याला."

ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. मग मी जरा वाचायला घेतलं.

मुली हेअरबँड लावतात तशी, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे डोक्यावरून जाणारी एक पट्टी मेंदूवर असते. हालचालींचे हुकूम तिथून सुटतात. डाव्या बाजूची पट्टी उजवा हात चालवते, उजव्या बाजूची डावा. 1870 साली फ्रिच आणि हिट्झिग या जर्मन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या या भागाला सौम्य वीज लावली, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला होता.

आपल्याला वाटतं, मेंदू आधी ठरवतो आणि मग एकाच हाताला कामाला लावतो. तसं नसतं. 1988 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ग्रॅटन, कोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधलं अक्षर 'एच' असेल तर एका हाताने दाबायचं, 'एस' असेल तर दुसऱ्या. पण आजूबाजूला फसवी अक्षरं ठेवलेली. डोक्यावर लावलेल्या तारांनी दाखवलं की अनेकदा चुकीच्या हाताची पट्टी आधी जागी व्हायची, आणि तरीही शेवटी उत्तर बरोबर यायचं. म्हणजे दोन्ही हात शर्यतीत उतरतात. पुढे डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून केलेल्या प्रयोगांत असंही दिसलं की एका हाताची तयारी वाढते तेव्हा दुसऱ्या हाताला आवर घातला जातो. हे सगळं सेकंदाच्या काही भागात घडतं.

आवर घालणं हे मेंदूचं खरंखुरं काम आहे. त्यात कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो, आणि तो भाग पुरता तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. माझी लेक तर आठ वर्षांची! जो हात तिचा जन्माचा पुढचा, त्याला ती दर घासाला मागे घेते. जी थबक मला हट्ट वाटत होती, तीच तिची आज्ञा पाळण्याची मेहनत होती.

उजव्या हाताने खाणं ही सुन्नत आहे, ते आम्ही शिकवणारच. पण आता पाण्याचा पेला आणि भाकरी तिच्या उजवीकडे ठेवते, "बिस्मिल्लाह" सावकाश म्हणायला लावते. तेवढ्या वेळात हात आपोआप ठरतो. घाई केली की चुका वाढतात, रागावलं की आणखी वाढतात. लिहिण्याचा हात मात्र मी बदलायला लावत नाही. शंभरात सुमारे दहा माणसं डावखुरी असतात. गंमत म्हणजे उर्दू लिहिताना तिला सोपं जातं. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे हात कोऱ्या कागदावर असतो. मराठी लिहिताना तोच हात ओल्या शाईवरून सरकतो आणि वही काळी होते. त्या डागांसाठी मी वर्गातल्या एका मुलाचे गुण कापले होते, हे आठवून आता लाज वाटते.

वर्गातही आता प्रश्न विचारून मी मनात तीन अंक मोजते. पहिलं उत्तर चुकीचं सुटलेलं मूल पुष्कळदा त्या वेळात स्वतःच ते मागे घेतं.

तुमच्या घरी कुणाचा हात असा अर्ध्यावर थबकत असेल, तर टोकण्याआधी क्षणभर थांबा. त्याचं त्याला बहुधा कळलेलं असतं. परवा दस्तरखानावर लेकीचा डावा हात पुन्हा निघाला, थांबला, उजवा आला. मी म्हटलं, "शाबास बेटा." ती नुसती हसली आणि भाकरी मोडली.